बुधवारचा तास

वॉटफर्ड, मंगळवार

बाळ वरदा,

तुझी देविका शाळेत असतानाच युनिव्हर्सिटीचा गणिताचा कोर्स करते, हे तू सगळ्यांना कौतुकाने सांगतेस. दर बुधवारी शाळा सुटल्यावर ती माझ्याकडे बसून लॅपटॉपवर तास ऐकते, असं तुला वाटतं. खरं म्हणजे तास मी ऐकतो. ती सोफ्यावर झोपलेली असते.

"आजोबा, फक्त वीस मिनिटं. माझं नाव स्क्रीनवर दिसलं की अटेंडन्स लागते," असं पहिल्यांदा म्हणाली आणि बूट न काढताच आडवी झाली. मी आवाज बारीक करून बसलो. गणित मला शाळेतही कळलं नाही. त्या तासाला मी वहीच्या मागच्या पानावर कविता उतरवत असे. आताही तेच करतो. मागच्या बुधवारी ती जागी होऊन म्हणाली, "एक म्हणा ना." मी चालीवर म्हटली. अर्थ कळला नसावा, पण पुन्हा शांत झोपली.

उद्या परीक्षा आहे. "तुम्हीच बसा," म्हणून ती हसली आणि मग रडली. तिला कोर्स सोडायचाय. तुला सांगायचं मी तिच्याकडे कबूल केलं होतं. पण आज फोनवर तुझा आवाज इतका दमलेला होता, की मी नुसतं "जेवलीस का?" विचारलं.

सोळाव्या वर्षी तुलाही मीच संध्याकाळच्या कॉलेजच्या वर्गाला घातलं होतं. घरी अभ्यासाला बसलीस की पुस्तकावर डोकं ठेवून झोपायचीस. मी तुला दर वेळी हलवून उठवलं.

तुझे,
बाबा