झोपून कमावलेला समुद्र

प्रिय सवतबाई,

हे पत्र वान्झा तुझ्या हातात देईल, तुझ्या लेकाच्या, कियोकोच्या नाही. तसं तिला बजावून ठेवलंय. ती लेकीच्या बाळंतपणाला तिकडे तुझ्या एल्डोरेटला येतेय. वान्झाला काम सांगितलं की ती ते करते, आणि वर गावभर सांगतेही. त्यामुळे मी तुला पत्र लिहिलंय हे आपल्या टेकडीवर सगळ्यांना कळलंय, आत काय आहे तेवढं कळलेलं नाही. म्हणून कालपासून बाया माझ्याकडे मीठ मागायला येतायत. फोनच केला असता गं, पण तुझा फोन तुझा लाडका लेक उचलतो आणि म्हणतो, आई झोपलीय. सकाळी करा, दुपारी करा, आई झोपलीय. एवढं झोपून तू चांगली गुटगुटीत झाली असशील.

झोपण्यावरून आठवलं, थोरले. तू फुकट झोपतेस, मी मात्र झोपून कमाई करते. थांब, भुवया चढवू नकोस, आधी नीट वाच.

तू लेकाकडे गेलीस आणि मी टोपल्या घेऊन घराबाहेर पडले. पूर्वी आपण दोघी विणायचो आणि मचाकोसच्या बाजारात त्या मिशाळ दलालाच्या गळ्यात मारायचो. आता मी स्वतः बसमध्ये बसून कंपालाला जाते, किगालीला जाते. माल चांगला खपतो. पण खरं सांगू, मी मालासाठी जात नाही. एका माणसासाठी चूल पेटवायची म्हणजे लाकडांचा अपमान वाटतो. मक्याची मुथोकोई शिजवायला घेते आणि हात आपोआप दोघींपुरते दाणे टाकतो, मग दोन दिवस तेच खात बसते. बसमध्ये निदान शेजारी कुणीतरी घोरतं.

पहिल्यांदा किगालीच्या प्रदर्शनाला गेले तेव्हा त्या लोकांनी आम्हा टोपलीवाल्यांना एका मोठ्या हॉटेलात उतरवलं. पांढरीशुभ्र चादर, मला तर त्यावर बसायचीही भीती. तिथल्या मुलीनं माझं नाव लिहून घेतलं आणि सांगितलं, की आमच्या हॉटेलांत जितक्या रात्री राहाल तितके पॉइंट साठतील, आणि पुरेसे साठले की आमच्या कुठल्याही हॉटेलात फुकट राहा, समुद्रकाठच्याही. समुद्र म्हटल्यावर माझे कान उभे राहिले. तुझेही आता राहिले असतील.

आपल्या नवऱ्याला, मुसेम्बीला आठव. जन्मभर मोंबासाच्या बंदरात गोण्या मोजल्या त्यानं, ख्रिसमसला आणि पेरणीला घरी यायचा, अंगाला खाऱ्या वाऱ्याचा वास. मला कानात सांगायचा, "कातुंगे, समुद्र दाखवायला तुलाच पहिली नेणार, थोरलीला सांगू नकोस." मी बापडी वर्षानुवर्षं तुझ्याकडे दयेनं बघायचे. आणि त्या दिवशी अंगणात विणत बसलो असताना तू मोठ्या मनानं मला म्हणालीस, की धाकटे, वाईट वाटून घेऊ नकोस, पण तो मला आधी नेणार आहे. आपण इतक्या हसलो की चुलीवरचं भांडं खाली लागलं, आणि तो बाहेर येऊन विचारतोय काय झालं, काय झालं. त्याला तेच करपलेलं वाढलं आपण. निमूट खाल्लं बिचाऱ्यानं. नेलं मात्र एकीलाही नाही.

म्हणून मी ठरवलं, समुद्र आपणच कमवायचा. पण थोरले, हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. कंपालाच्या त्यांच्याच हॉटेलात नाश्त्याला एक ओढियाम्बो म्हणून औषधं विकणारा भेटायचा, पोट हे असं पुढे. त्याच्याकडे क्रेडिट कार्ड. तो पेट्रोल भरतो, पॉइंट मिळतात. बायको केस विणून घेते, पॉइंट मिळतात. सासऱ्याला बकरं घेतलं तेव्हासुद्धा मिळाले म्हणे. झोपेचे सोडूनही माझ्या दुप्पट साठले त्याचे. मी मचाकोसला बँकेत गेले, म्हटलं मलाही ते कार्ड द्या. तिथला पोरगा, टाय एवढा घट्ट की डोळे बाहेर, तो म्हणतो, "मावशी, पगाराची पावती आणा." मी म्हटलं, माझी साहेब मीच आहे, किती पगार लिहून आणू ते सांग. हसला नाही मेला. मग म्हणतो, आमच्याकडे पैसे अडकवून ठेवा, त्याच्या आधारावर देऊ. मी म्हटलं, पैसे असते तर उधारीचं कार्ड मागायला आले असते का रे? तर कार्ड काही मिळालं नाही. मी आपली फोनवरून पैसे भरते, आणि आम्हाला नुसत्या झोपेचे तेवढे पॉइंट मिळतात. दुसरे खर्च करून कमावतात, मी घोरून.

सुरुवातीला तेही बुडाले. वान्झाच्या पोरानं फोनवर कुठूनतरी स्वस्तात खोली धरून दिली, मी खूश. नंतर कळलं की मधल्या माणसाकडून खोली घेतली की पॉइंट मिळत नाहीत, थेट हॉटेलातच घ्यायची. दोन फेऱ्यांची झोप वाया गेली बघ. मग कंपालाच्या हॉटेलातली नाकातो, खिडकीमागे बसते ती जुळ्यांतली मुलगी, तिनं मला सगळ्या खाचाखोचा शिकवल्या. खोली झाडून घेतली नाही तर जास्तीचे पॉइंट, ही त्यातलीच. मी म्हटलं, हे तर सोपंय, मी माझी झाडते. आणि खाली जाऊन झाडू मागितला. अगं, हाहाकार. झाडणारी बाई रडकुंडीला येऊन माझ्या दारात, माझं काय चुकलं विचारतेय. तिला समजावता समजावता माझा चहा थंड झाला. शेवटी आम्ही दोघींनी मिळून झाडलं, आणि खोली झाडलेलीच नाही असं नाकातोनं लिहिलं.

मग मी आणखी शहाणपणा केला. आपल्या चामाच्या भिशीत दर महिन्याला सगळ्यांचा पैसा एकीला मिळतो ना, तसंच पॉइंटचं करू म्हटलं. या फेरीला आम्हा टोपलीवाल्यांच्या सगळ्या खोल्या माझ्या नावावर, पुढच्या वेळी तुझ्या, मग तिच्या. सगळ्या जणी तयार. नाकातो कपाळाला हात लावून म्हणाली, मामा (म्हणजे आई, मला तसंच म्हणते ती), तुम्ही राहाल त्या खोलीचे आणि सोबतच्या एक-दोन खोल्यांचे मिळतील, पण एकदा तुमच्या नावावर पडले की ते कुणाला देता येत नाहीत. मी ओशाळले. पण बाया कसल्या रागावतात. म्हणाल्या, असू दे कातुंगे, कायम तुझ्याच नावावर धर, आम्हाला घरी वाट बघणारी माणसं आहेत, तूच तेवढी मोकळी. थट्टेत म्हणाल्या. मीही हसले, सगळ्यांत जोरात.

हॉटेलात रात्री राहायची सवय झाली, पण सवय म्हणजे बरं वाटणं नव्हे. दोन पलंगांची खोली मिळते. एकावर मी, दुसऱ्यावर टोपल्या. त्या टोपल्यांना मी चार गोष्टी सांगते. सकाळी नाश्त्याला भरपूर वाढून घेते आणि खाताना वाटतं की समोर कुणीतरी म्हणावं, ए हावरे, बास कर. हे कोण म्हणायचं ते तुला माहीत आहे. घरी आले की तुझ्या दारापुढचं अंगणही झाडते. दाराला कुलूप, अंगण स्वच्छ. लोक म्हणतात, सवतीचं अंगण झाडणारी बाई पहिल्यांदाच पाहिली.

आता ती गोष्ट. तू विषय काढणार नाहीस, म्हणून मीच काढते. मुसेम्बीला पुरलं त्या दिवशी पाद्री म्हणाला, विधवेनं पुढे यावं, माती टाकावी. विधवा, एकच. चर्चात लग्न तुझं झालेलं, माझं नुसतं माहेरी बकऱ्या देऊन. कियोकोनं तुझा हात धरून तुला पुढे नेलं. मी बायकांत होते, हातात वाढायचा डाव. लोक माझ्याकडे बघत होते, म्हणून मी कुणालातरी विचारलं, मीठ बरोबर आहे का. तू मागे वळून पाहिलंस. मी पाहिलं, तू पाहिलंस ते. एवढंच, वळलीस आणि पुन्हा पुढे पाहिलंस. दुसऱ्या आठवड्यात कियोको गाडी घेऊन आला आणि तू गेलीस. जाताना तुझी मोठी कढई तेवढी मला ठेवून गेलीस. मी तुझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं, राग सोबतीला असतो. मला नुसतं सुनं सुनं वाटलं. नवरा गेला हे मी समजू शकते, तो तसाही बंदरातच असायचा. पण तीस वर्षं समोरच्या दारात तू होतीस, तांबडं फुटलं की तुझा खोकला ऐकून मी उठायचे. तो खोकला बरा झाला का गं?

माझा गुडघा गेलाय. मागच्या फेरीला बसमधून उतरताना कंडक्टरनं मला पोत्यासारखं उचलून ठेवलं, वर म्हणतो, आजी, वजनाचं भाडं घ्यायला हवं. डॉक्टर म्हणतात प्रवास बंद. म्हणजे आता हॉटेलात राहणं नाही, आणि राहणं नाही तर साठलेले पॉइंट वर्ष सरता सरता मरून जातील. नाकातोला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, मग वापरा ना, समुद्रकाठी चार रात्री सहज मिळतील, दोघांना, जेवणासकट. दुसरं कोण, विचारलं तिनं. मी तुझं नाव सांगितलं. मग ती म्हणाली की अशा फुकटच्या खोलीत दुसरं माणूस घरातलंच लागतं, आणि नातं काय ते लिहावं लागतं. तिच्या यंत्रात नवरा होता, मूल होतं, आईबाप, भाऊबहीण. सवत नव्हती. ती म्हणाली, बहीण लिहू का? मी म्हटलं, बहिणीशी माझं पटत नाही. मग मी तिला सांगितलं की आमच्या कांबा जमातीत मूल नसलेली बाई दुसऱ्या बाईला रीतसर बकऱ्या देऊन घरात आणते आणि स्वतःला तिचा नवरा म्हणवते, तेव्हा नवरा लिहिलंस तरी आमच्याकडे कुणी बेशुद्ध पडणार नाही. पोरगी इतकी हसली की तिच्या खिडकीपुढच्या रांगेतले लोक वैतागलेले मला फोनवर ऐकू आले. हसून झाल्यावर म्हणाली, मामा, खरंच काय लिहू? तेव्हा मी तिला खरं उत्तर दिलं. तिनं ते लिहिलं.

पण तेवढ्यानं होत नाही. दुसऱ्या माणसालाही विचारून घ्यावं लागतं म्हणे, आणि दोघींचं उत्तर जुळलं तरच खोली मिळते. तर पत्र यासाठी. रविवारी, चर्च सुटल्यावर, नाकातो कंपालाहून तुझ्या फोनवर फोन करील. त्या दिवशी फोन स्वतःच्या पदराशी ठेव आणि जागी राहा. ती स्वाहिलीत विचारेल, तुझी स्वाहिली मोडकी आहे पण चालेल, तिचीही तशीच, युगांडाची आहे ती. ती एवढंच विचारेल की कातुंगे तुझी कोण. शेजारी कियोको असेल, सून असेल, कदाचित पाद्रीही जेवायला आलेला असेल. सगळ्यांच्या देखत मोठ्यानं सांग. मी काय सांगितलंय ते मी तुला कळवणार नाही, वान्झालाही ठाऊक नाही. तुला जे खरं वाटेल ते म्हण. मी इथं वाट बघतेय.

तुझीच, तू ठरवशील ती,
कातुंगे