उसना रवंथ

लालबाग, मंगळवार, ३ मे १९६०

हात कितीदा धुतले, तरी आंबूस वास जात नाही. जाऊ दे. देवळासमोरची कपिला संध्याकाळी उठली!

परवा महाराष्ट्र झाला आणि त्या आनंदात साऱ्या चाळीने तिला पुरणपोळ्या चारल्या. आमच्या आईनेही. काल कपिला आडवी. तिची मालकीण सखूबाई रडत दारात आली, "डाक्टर, गाय रवंथ करंना!"

करणार कशी? गाईच्या पोटातले जंतू एरवी सावकाश गवत कुजवतात, डाळीतली प्रथिनं तोडून त्यावर स्वतः वाढतात, आणि शेवटी गाय त्यांनाच पचवते. एकदम एवढा गूळ आल्यावर त्यातले काही माजले, सगळं पोट आंबट केलं, आणि बाकीचे मेले. काल सोडा पाजला. पण मेलेले जंतू कुठल्या बाटलीतून आणायचे?

म्हणून सकाळी परळच्या तबेल्यात गेलो. एक म्हातारी गाय निवांत रवंथ करत होती. तिच्या तोंडात हात घालून घास काढून घेतला आणि कोमट पाण्यात कालवून कपिलेला पाजला. म्हातारीने लाथसुद्धा मारली नाही. नुसतं बघितलं आणि पोटातून दुसरा घास वर आणला. तेच सारखं आठवतंय. इतक्या सहज आपण कुणाला काही देतो का?

आईला सांगितलं तर तिचे डोळे भरले. लगेच डब्यातून पोळी काढून म्हणाली, "त्या माउलीला एवढी नेऊन दे रे."

पोळी मीच खाल्ली, त्याच आंबूस हाताने. माउलीला उद्या वाळलं गवत.