तीन नंबरच्या क्वार्टरमधला दिवा

झरी, ता. परभणी
संक्रांतीनंतरचा सोमवार

प्रिय धम्मशीला,

पाकीट हातात आल्यावर तू ते दोनदा उलटून बघशील, की हे कुणाचं आलं बाई. नंबर तू बँकेत लिहून दिला होतास, फोनच करता आला असता. पण फोनवर मी 'बरी आहेस ना' म्हणाले असते, तू 'बरी हाय' म्हणाली असतीस आणि मूळ गोष्ट माझ्या तोंडातच राहिली असती. म्हणून लिहायला बसले. चौथीपर्यंतची शाळा, अक्षर गिरवल्यासारखं आहे. सांभाळून घे.

आमचे हे गेल्या चैत्रात गेले ते तुला बँकेत बोलले. पण जायच्या आधी दोन वर्षं ते काय करत बसले होते ते सांगायचं राहिलं. लेकीनं, शिवकन्येनं, हैदराबादहून तिच्या पोरांसाठी विजेवर चालणारी रेल्वे घेतली होती. वीतभर इंजिन, तीन डबे, एकात एक बसवायचे रूळ. पोरं दोन दिवसांत कंटाळली आणि आजोबांनी ती बळकावली. कापसाच्या खोलीत दोन जुनी दारं आडवी टाकून त्यावर रूळ मांडले आणि आपलं ठेसन उभं करायला घेतलं. तेच गं, छोट्या लाईनीचं, जिथं हे रुळांचे सांधे बदलणारे पाइंटमन होते आणि तुझे पंडितराव बत्तीवाले. खरं ठेसन मोठी लाईन आली तेव्हाच पाडलं, ओळीतली चार क्वार्टरंही गेली. तिथं आता नुसती बाभळ आहे. ह्यांनी प्लायवूडचं ठेसन केलं, चारी क्वार्टरांच्या भिंती कापल्या आणि तेवढ्यावर हात थांबला. शेवटच्या महिन्यात म्हणायचे, "सगुणा, गाडी पळायलीय, पण गाव न्हाई. नुसतीच गोल फिरायलीय येड्यावानी."

दिवस-वार झाले, पाहुणे गेले, आणि मी त्या खोलीत झाडायला म्हणून शिरले ती बाहेर आलेच नाही म्हण. मनात आलं, गाव आपण करू. मला कोण शिकवणार? हातानंच शिकले. आपल्या वावरातली काळी माती मैद्याच्या चाळणीनं चाळली, डिंकात कालवून पसरली. वाळल्यावर तिला आपोआप भेगा पडल्या, अगदी वैशाखातल्यासारख्या. मी बघतच राहिले. टेकाडाला कागदाचा लगदा आणि मेथ्यांचं पीठ, आई टोपल्या लिंपायची तसं. वाळल्या गिलक्याची जाळी हिरव्या रंगात बुडवून ठेसनामागचा लिंब केला, त्याला तुराटीचं खोड. रुळांखालच्या खडीला मात्र फसले. ज्वारीची भरड घातली, दिसायला लय झकास, आणि चौथ्या दिवशी मुंग्यांनी अर्धी लाईन उचलून नेली! मग खडी-केंद्रावरून दगडाची भुकटी आणली.

सिग्नलचा खांब छत्रीच्या काडीचा. त्याला बारीक दिवा लावला, पुढं हिरवी काच म्हणून गोळीचा हिरवा कागद. उजेड पडला तो असा आजारी, की मन मानेना. दोन दिवस हैराण. मग पंडितरावांचं बोलणं आठवलं. रोज दिवेलागणीला ते कंदील घेऊन खांबावर चढायचे आणि खाली उभ्या शिवकन्येला सांगायचे, "पोरी, काच निळी हाय बरं का, हिरवी न्हाई. ज्योत पिवळी, काच निळी, तवा लांबून हिरवं दिसतंय." मी नखपॉलिशमध्ये हळद कालवून दिवा पिवळा केला, पुढं निळा कागद लावला. धम्मे, तोच हिरवा! खोलीत मी एकटी, आणि मोठ्यानं म्हणाले, जमलं हो पंडितराव.

तारा जोडायला कथलाचा डाग द्यायला शिकले, दोन बोटं भाजून घेतली. मग घरांत दिवे लावायला घेतले. एक नंबर ठेसनमास्तरांचं. त्यांची गॅसबत्ती मधल्या खोलीत आढ्याला टांगलेली असायची, हळदी-कुंकवाला गेले की तिची सूं सूं ऐकू यायची. दोन नंबर आमचं. कंदील चुलीशेजारच्या खिळ्याला. चार नंबर रिकामंच असायचं, त्यात काही लावलं नाही. आणि तीन नंबरला, तुझ्या घराला, येऊन माझा हात अडकला तो आजपर्यंत.

मध्येच नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला परभणीला बँकेत गेले आणि तू भेटलीस. एवढ्या वर्षांनी पाठीमागून हाक मारून ओळखलंस. बाहेरच्या गाड्यावरून दोन चहा आणलेस, एक माझ्या हातात दिलास. मी बोलत बोलत पिऊन टाकला. तू रिकाम्या कपाकडं बघितलंस आणि हसून म्हणालीस, "घेतलास की गं चहा, सगुणा!" मीही हसले. क्वार्टरात होतो तेव्हा तू मला 'बाई, तुमी' म्हणायचीस आणि मी तुला सरळ 'धम्मे' म्हणायचे. त्या दिवशी तू मला पहिल्यांदा अगं केलंस, आणि मला फार बरं वाटलं. झरीच्या गाडीत बसले, तिकीट काढलं, आणि मग तू कपाकडं बघून का हसलीस ते मला उमगलं.

शिवकन्येच्या वेळी माझं पोट दुखायला लागलं तेव्हा हे मालगाडीच्या पाइंटावर, सासूबाई झरीहून अजून पोचायच्या होत्या. तू पंडितरावांचे कंदील भरत होतीस, हाताला रॉकेल. राखेनं हात घासून तशीच पळत आलीस. "रडायलीस कामून, मी हाय की," असं त्या वेळी म्हणालीस. हो, त्या एका दिवशीही तू मला अगं म्हटलं होतंस, आत्ता लिहिताना आठवलं. पोर तुझ्या हातात आली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी घरभर गोमूत्र शिंपडलं, 'घर बाटलं' म्हणत. आपली भिंत एकच होती, धम्मे. तू ऐकलंस हे मला तेव्हाच कळलं होतं.

सासूबाईंवर ढकलून मोकळं होता येईल. पण त्या दोन महिन्यांत गावी गेल्या. पुढची सहा वर्षं उंबरा मीच धरून ठेवला. तुझ्याकडचं कोरडं घ्यायचे, शेंगा, हरभरे, बोरं, शिजवलेलं नाही. तू आलीस की हिरव्या रेघेची कपबशी कोळशाच्या खोलीतून काढायचे. तूच ती धुवायचीस आणि परत पालथी घालून ठेवायचीस.

आणि तू तापानं तीन आठवडे पडलीस तेव्हाचं. मी रोज पेज करायचे. भांडं तुझ्या उंबऱ्यावर ठेवायचे, हाक मारायचे आणि दोन पावलं मागं सरायचे. तू भिंत धरत धरत दारापर्यंत यायचीस, वाकून भांडं उचलायचीस. आजारी बाईला मी रोज दारापर्यंत चालवलं, आणि घरी येऊन ह्यांना सांगायचे की मी धम्मशीलेचं किती करते. तीन नंबरच्या भिंती त्यांनी सगळ्यांत नीट कापल्यात, खिडकीचे गज सुद्धा सुतळीच्या धाग्याचे लावलेत. ते तुझ्या घरात जायचे, पंडितरावांबरोबर बसायचे. आत दिवा कुठं होता ते त्यांना विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण मी हे काम हातात घेतलं तेच ते गेल्यावर.

तर दिवा. तुझ्या खिडकीतून अंगणात पडणारा उजेड मला पाठ आहे. कपडे धुवायच्या दगडाच्या अर्ध्यावर तिरका यायचा, गजांच्या तीन सावल्या घेऊन. मी तो बारका दिवा आत तीन ठिकाणी लावून बघितला. एकदा कोपऱ्यात, एकदा मधोमध, एकदा दाराजवळ. उजेड कधी दगडाच्या पलीकडं जातो, कधी अलीकडंच राहतो. बाहेर उभं राहून दिसलेलं सगळं मला ठाऊक आहे. पेज घ्यायला यायचीस तेव्हा उजेड तुझ्या पाठीमागं असायचा, म्हणून तुझं तोंड मला दिसायचं नाही, एवढंही ठाऊक आहे. पण दिवा कुठं होता ते माहीत नाही. सात वर्षं शेजारी राहून मला तुझ्या घरातला दिवा माहीत नाही.

चैत्रात ह्यांचं वर्ष येतं. शिवकन्या येणार आहे, तिला दिवे लागलेल्या ठेसनातून गाडी चालवून दाखवायची आहे. कालच ती फोनवर म्हणाली, "आई, ज्या मावशीच्या हातात मी जन्मले तिचं घर लांबून ओळखू येईल ना?" मी म्हणाले, येईल. कोळशाच्या खोलीच्या वळचणीला मी एक कपबशीही ठेवली आहे, मातीची, तिळाएवढी, पालथी. आधी ठेवली नव्हती. मग ठेवली. विचारलं तर तिला तीही सांगीन.

हे पत्र त्या दिव्याचं ठिकाण विचारायला लिहिलं नाही. ते तू दोन ओळींत कळवशील, मला माहीत आहे, तू कधी काही अडवून ठेवलं नाहीस. मला तुझ्या घरी यायचं आहे, धम्मशीला. परभणीला, तू आता राहतेस त्या घरी. बोलावशील तर आत येईन, चुलीजवळ बसेन, तू शिजवलेलं जेवेन आणि जुन्या घरात दिवा कुठं होता ते तुझ्या तोंडून ऐकेन. माझी माफी तिथं मागायची आहे, कागदावर नाही. आणि बोलवायचं तुझ्या मनात नसेल तर उत्तर देऊ नकोस, मला कळेल. मग शिवकन्या येईल तेव्हा तीन नंबरच्या घरात अंधारच असेल, आणि का, ते मी तिला सांगीन. माझ्या अंदाजानं तिथं दिवा लावणार नाही.

तुझीच, तू म्हणू दिलंस तर,
सगुणा