दुभाष्याचा ‘हो’

१४ मार्च, दुपार

प्रिय धाकटे,

ताईचा आशीर्वाद. डोळ्याची पट्टी निघाली का? निघाली तरी वाचायला धावू नकोस. डॉक्टर सांगतील तोवर कानांनीच भागव. माझी पत्रं तुला कोण वाचून दाखवतो ते मला ठाऊक आहे. बाप गेला, वर्ष सरायच्या आत हा माझा लेक बॅग उचलून तुझ्याकडे, मावशीकडे राहायला गेला आणि तेव्हापासून आईशी एक शब्द नाही. असो. वाचू दे त्याला. त्याच्याविषयी मी काही लिहिणार नाही.

इकडे बरं आहे. दुकान चालू आहे, लोक विजारी आखूड करून घ्यायला येतात. माझा घास तेवढा घशात अडकतो. नळी घालून बघितलं, फोटो काढले, काही सापडलं नाही. शेवटी डॉक्टरीण म्हणाली, कॉलेजात समुपदेशन शिकणारी मुलं बसतात, त्यांच्याशी बोलून बघा. मी म्हटलं, शिकाऊ हातात मी माझी कात्री देत नाही, जीव कुठून देऊ? पण घास उतरेना, मग गेले मुकाट्यानं.

तळमजल्यावर लांबलचक खोली आहे, भिंतीला लागून खुर्च्या. येणारा प्रत्येकजण वेगळ्या मुलखाचा, वेगळ्या भाषेचा. सगळे हळू बोलतात. शब्द कळत नाही एकही, पण कोण रडून आलंय आणि कोण रडणार आहे ते कळतं. पडद्यातून पिवळं ऊन येतं, अंग जड होतं. मी तिथे पेंगते आणि मला आपलं वाटत राहतं की ही सगळी आपलीच माणसं आहेत, जेवणं आटोपून दुपारची लवंडलीत.

माझ्या वाट्याला आलेली पोरगी एवढीशी. बाहीची शिवण उसवलेली, पहिल्या दिवशी माझं सगळं लक्ष तिथेच. इथली भाषा मला गिऱ्हाइकापुरती येते, रडण्यापुरती येत नाही. म्हणून एक दुभाष्या दिला, आपल्या भाषेतला. त्यांचा नियम असा की ‘या बाई म्हणतात’ असं म्हणायचं नाही. मी बोलेन ते त्यानं ‘मी’ म्हणूनच तिला सांगायचं, आणि तिचं बोलणंही मला तसंच. स्वतःचं काही घालायचं नाही. तर तो मिशीवाला बाप्या तोंड गंभीर करून मला म्हणतो, “मी अजून शिकतेय, सांभाळून घ्या.” अगं, हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग हसू थांबलं. नवरा गेला त्या दिवसाचं मी सांगायला लागले आणि ते एका तरण्या पुरुषाच्या आवाजात खोलीभर फिरायला लागलं. माझंच दुःख, आणि मी बाजूला बसून ऐकतेय. स्वप्नात आपण आपल्यालाच लांबून बघतो ना, तसं काहीसं. फार बरं वाटलं गं. आवाज तरी किती ओळखीचा. वयही तेवढंच असेल.

लिहिणार नव्हते, पण आता लिहितेच.

गेल्या खेपेला पोरगीनं समोर रिकामी खुर्ची ठेवली. म्हणाली, मुलगा इथे बसलाय असं समजा, काय बोलाल? मी खुर्चीकडे बघितलं. लाकडाशी काय बोलायचं, सांग? माझी मान आपोआप दुभाष्याकडे वळली आणि तोंडातून गेलं, “जेवलास का रे?”

त्यानं ते तिला सांगायला हवं होतं. तो मला म्हणाला, “हो.”

नुसतं तेवढंच. मग आपण काय केलं ते त्याच्या लक्षात आलं आणि बिचारा कानापर्यंत लाल झाला. पोरगी विचारत राहिली काय झालं, काय झालं. त्यानं खरं सांगितलं, माफी मागितली. मी मात्र ओक्साबोक्शी रडले, नवरा गेला तेव्हा रडले नव्हते तशी. घरी येऊन पोटभर जेवले.

काल पोरगी म्हणाली, तिला शिकवणाऱ्या बाईंचं म्हणणं आहे की दुभाष्या बदलावा, तुम्ही त्यात गुंताल. पण ठरवायचं तुम्हीच. पोरगी घाबरली होती, तरी मला विचारलंन, हे मला आवडलं. रात्रभर विचार केला आणि आज सकाळी कळवून टाकलं, बदला. तो पोरगा गुणी आहे, पण त्याचा ‘हो’ घेऊन मी किती दिवस जेवणार?

धाकटे, आता तू जरा आतल्या खोलीत जा. भिंतीला धरून जा, पडशील.

गेली ना मावशी? आता हे तुझ्यासाठी. चूक कुणाची, ते मला ठरवायचं नाही. तू निरोप न घेता गेलास याचा राग अजून आहे आणि तो राहील. पण नियमानं वाच, मोठ्यानं, ‘आई म्हणते’ असं न म्हणता: मला तुझी फार आठवण येते. मला एकटीला हे घर पेलत नाही. मला तू हवा आहेस.

वाचलंस? तुझ्या तोंडून कसं वाटतं ते मला येऊन सांग. नाही जमलं तर फोन कर. बोलू नकोस हवं तर, नुसता धर.

दुकान सहाला बंद करते, पण दिवा चालू ठेवते.

आई