आकडा नसलेली अकरा नाणी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा तराजू आणि काटे दुरुस्तीचा, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून देत आहे. 'दडपणाशिवाय' हा शब्द वकिलांचा. गेली दोन वर्षं "लिहून टाका हो एकदाचं" हे दडपण आमच्या हिचंच होतं. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. लग्नाला बावन्न वर्षं झाली, पण माझी बुद्धी शाबूत आहे हे तिला लेखी असं पहिल्यांदाच मिळालं.

कलम १. राहतं घर पत्नीला, तिच्या पश्चात मुलीला. मोरीतला नळ नेहमीच्या उलट्या बाजूला फिरवला की बंद होतो. मुलीने प्लंबर बोलावू नये. तीन प्लंबरांनी मिळून तो असा केला आहे.

कलम २. बँकेत जे काही आहे ते पत्नीचं. त्यातून तिने स्वतःसाठी चांगला चष्मा करावा आणि माझा जुना वापरणं बंद करावं.

कलम ३. दुकानातली हत्यारं, पितळी वजनांची पेटी आणि काचेच्या घरातला नाजूक काटा मुलीला. वजनं चिमट्यानेच उचलावीत. बोटांचा घाम लागला की वजन बदलतं, हे तिला मी हजारदा सांगितलं आणि तिने हजारदा बोटांनीच उचलली. पाच वर्षांची असताना तिने एक छोटं वजन गिळलं होतं, ते तिला माफ.

कलम ४. समोरच्या वाण्याला माझ्याकडून एक किलोचं एक वजन द्यावं. तीस वर्षं तो मला "काटा जरा माझ्या बाजूने बसवा की" म्हणत आला आणि मी तो सरळच बसवत आलो. हे वजन खरं आहे. त्याच्या दुकानात ते एकटं पडेल, पण इलाज नाही.

कलम ५. खरं सांगायचं तर मृत्युपत्र या कलमासाठीच आहे. आधीची चार मला धीर यावा म्हणून लिहिली.

माझ्या कपाटात बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. त्यात चांदीची अकरा जुनी नाणी आहेत. वकिलांनी विचारलं, "दर्शनी किंमत काय लिहू?" मी म्हटलं, "नाण्यावर लिहिलेलीच नाही." ते म्हणाले, "काहीतरीच काय! नाणं आहे आणि आकडा नाही?"

वकील शिकलेले आहेत, म्हणून त्यांना सावकाश समजावून सांगावं लागलं. या नाण्यांवर राजाचं नाव आहे, टाकसाळीची खूण आहे, साल आहे. आकडा नाही, कारण त्या काळी त्याचं कोणाला अडत नव्हतं. नाणं म्हणजे शिक्का मारलेला चांदीचा तुकडा. चांदी चोख आहे, एवढी हमी शिक्का द्यायचा. किती आहे, ते तराजू सांगायचा. बहुतेकांना वाचता येतच नव्हतं. ते नाणं तळहातावर तोलायचे, दगडावर वाजवून बघायचे. राजाचीही त्यात सोय होती. आकडा कोरला की तो स्वतःच अडकला. नाही कोरला, तर उद्या दवंडी पिटून भाव वरखाली करायला मोकळा. आमच्या धंद्याला त्या काळी काय मान असेल!

तर ही नाणी माझ्या वडिलांची. एकूण बावीस होती. एकतीस वर्षांपूर्वी ते गेले, आणि महिन्याभराने मी आणि धाकटा भाऊ दुकानातल्या टेबलापाशी ती वाटायला बसलो.

भाऊ म्हणाला, "दादा, यांच्यावर आकडाच नाही. वाटायची कशी?"

मी म्हणालो, "आकडा नाही म्हणजे सगळी सारखीच. एक तुला, एक मला."

"मग आधी तू घे. तू मोठा."

मी आधी घेतलं. अकराही वेळा मीच आधी घेतलं, आणि त्याच्यापुढे कोणतं सरकवायचं तेही मीच ठरवलं. आदल्या दुपारी, दुकान अर्धं बंद करून, मी ती बावीसच्या बावीस नाणी काचेच्या काट्यावर तोलून ठेवली होती. अकरा जड आणि चोख. उरलेल्यांतल्या काहींच्या कडा कोणीतरी कधीकाळी कातरून चांदी काढून घेतलेली, काही तर आत तांबं आणि वरून मुलामा. कोणती कुठली, ते मला पाठ होतं.

वाटून झाल्यावर भाऊ रुमालाची गाठ मारत म्हणाला, "दादा, तू वजन केलं होतंस का रे?"

मी "नाही" म्हणालो.

माझा भाऊ शाळेत इतिहास शिकवायचा, हे मी लबाडीच्या भरात साफ विसरलो होतो. त्याच वर्षी माझी मुलगी त्याच्या वर्गात होती. महिन्याभरात ती घरी येऊन धडा म्हणून दाखवू लागली, "काका म्हणाले, जुन्या नाण्यावर आकडा नसायचा, कारण ते वजनावर चालायचं. म्हणून दिसायला सारखी असली तरी सगळी नाणी सारखी नसतात." आणि पुढे म्हणाली, "त्यांनी आम्हाला खरी नाणी दाखवली, कातरलेलीसुद्धा!" मला चहाचा ठसका लागला.

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. वाटणी चालू असतानाही माहीत होतं. तो भांडला असता तर मीही भांडून मोकळा झालो असतो, आवाज माझा मोठा आहे. पण तो दर गुरुवारी येत राहिला, चहा पीत राहिला, माझ्या गुडघ्याची चौकशी करत राहिला. इतका छळ मला दुसऱ्या कोणी केलेला नाही.

त्याच्या वाट्याची खोटी नाणी तो निवृत्त होईपर्यंत वर्गातल्या मुलांच्या हातात फिरली. माझी खरी डब्यात बसली. विकली तर त्याला कळेल, दाखवली तरी कळेल. चोरी करून मला काय मिळालं, तर एक डबा, जो लपवायला वर कपडे ठेवावे लागतात.

ती अकरा नाणी मी माझ्या धाकट्या भावाला देत आहे. मी वजन केलं होतं. मी खोटं बोललो, आणि त्याची मला लाज वाटते.

हे कलम माझ्या पश्चात वाचलं जावं असा माझा बेत होता. ही म्हणाली, "मेल्यावर खरं बोलणारे पुष्कळ असतात." म्हणून आज वकील आणि भाऊ, दोघांनाही दुकानात बोलावलं आहे.

पुरवणी, त्याच दिवशी, माझ्या हस्ताक्षरात.

भाऊ आला. मी कागद त्याच्यापुढे ठेवला आणि एक अगदी चांगला चालणारा काटा दुरुस्त करत बसलो. तो मास्तरांच्या पद्धतीने वाचत होता. दोन ठिकाणी त्याने पेन्सिलने शुद्धलेखन सुधारलं. पाचवं कलम त्याने दोनदा वाचलं. मग चष्मा काढला.

"एकच प्रश्न विचारला होता, दादा. उत्तराला एकतीस वर्षं लावलीस."

मग वकिलांना म्हणाला, "साक्षीदाराची सही कुठे करायची?"

वकील खुर्चीतून उठलेच. "मास्तर, थांबा! साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. तुम्ही सही केलीत तर नाणी हातची गेली."

"ठाऊक आहे," तो म्हणाला, आणि पेन मागितलं.

मी त्याच्यावर ओरडलो, मग मला रडू आलं. दोन्ही गोष्टी शुद्धीवर असताना झाल्या. वकील म्हणतात, आता कलम पाच खोडा, ते राहिलं काय नि नाही काय, नाणी उरलेल्या मिळकतीत जाऊन पत्नीकडेच जाणार. जाऊ देत. कलम मी खोडणार नाही. ते त्याच्या नावाने लिहिलं आहे आणि तसंच राहील.

स्थळ: तराजू दुरुस्तीचं दुकान, काचेच्या काट्याशेजारी.
तारीख: सतरा मार्च, सकाळी साडेअकरा.

(सही) लिहून देणार

साक्षीदार १: (सही) शेजारचा औषधवाला. मजकूर वाचलेला नाही, दुकानात गिऱ्हाईक उभं आहे. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार २: (सही) लिहून देणाऱ्याचा धाकटा भाऊ, निवृत्त शिक्षक. मजकूर वाचला. दादा खरं बोलला, याला मी साक्षी आहे.