वखारीचं पाणी

४ नोव्हेंबर, सोमवार

आलो बाई एकदाचे कापेलला! टिलबर्गच्या त्या खुराड्यातून सुटका झाली. इथे घर बंधाऱ्याला लागून आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीतून आयसेल नदी दिसते. आशुतोषचं ऑफिसही सायकलवर जाण्याइतकं जवळ, त्यामुळे स्वारी खूश. गेमेन्टेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नाव नोंदवून झालं. मृण्मयी नव्या शाळेतून मैत्रीण करूनच आली. तिचं नाव काय गं, असं मी मराठीत विचारलं आणि उत्तर आलं डचमध्ये. आमचं हे रोजचंच. सहा वर्षांच्या बाईसाहेबांना मराठी सगळं समजतं, पण बोलायचं म्हटलं की तोंडाला कुलूप. व्हिडिओ कॉलवर सासूबाई बिचाऱ्या नातीकडे बघून नुसत्या हसतात. जीव तुटतो माझा.

आणि मोठी बातमी म्हणजे मला नोकरी लागली! नदीकाठी एक छोटंसं खासगी संग्रहालय आहे, तिथे. इतकी वर्षं सगळीकडे ‘डिपेंडंट’ लिहून लिहून विटले होते. आज शिरा केला.

७ नोव्हेंबर, गुरुवार

विलेमाइन ही तिथली मुख्य. सत्तरीची, काठीसारखी ताठ, कॉफीबरोबर मोजून एकच बिस्किट देणारी. मला तिने सगळी दालनं दाखवली. शेवटच्या दालनात पूर्वेकडच्या कुठल्याशा बेटावरच्या डच वखारीचं सामान आहे: एक गंजलेली तोफ आणि जहाजांना गोडं पाणी द्यायचं भलंमोठं दगडी कुंड. परक्या देशाचं जहाज संकटात सापडून आलं, तरी वखारीने त्याला मदत करायची, असा रिवाज होता म्हणे. पण विश्वास कसा ठेवायचा? म्हणून जहाजाने आपलं एक माणूस किनाऱ्यावर ओलीस ठेवायचं आणि वखारीच्या मुख्याने आपल्या घरचं एक माणूस जहाजावर पाठवायचं. काम झालं की आपापली माणसं परत. मला हे फार आवडलं. त्या दालनात पाण्याचा थेंबही न्यायचा नाही, असं विलेमाइनने दोनदा बजावलं. जुन्या वस्तूंना ओल लागते म्हणून असेल. हो म्हटलं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आज शाळा दुपारीच सुटली, म्हणून मृण्मयीला कामावर घेऊन गेले. विलेमाइन बाहेर गेली होती. बाहेर धुकं इतकं, की नदी दिसेना. वखारीच्या दालनात एक म्हातारे गृहस्थ कुंडाच्या कडेला बसलेले. काळेसावळे, अंगावर पंचा, ओठ पार फुटलेले. कुणाचे तरी वडील गावाहून आले असतील आणि असेच बाहेर पडले असतील, असं वाटलं. इतक्यात ते म्हणाले, “वायच पाणी दी गो बाय.”

मालवणी! कापेलमध्ये! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. आपल्याकडे आल्यागेल्याला पाणी विचारतात, इथे कोण विचारतंय? विलेमाइनचं बजावणं आठवलं, पण म्हाताऱ्या माणसाला पाणी नाही म्हणायचं? मृण्मयीची बाटली काढून दिली. त्यांनी ती घटाघटा रिकामी केली. मग मृण्मयीच्या डोक्यावर हात ठेवून, ही तुझी का, असं विचारलं. मी मोठ्या कौतुकाने हो म्हटलं. मग आमची तुझ्याकडे, असं काहीतरी पुटपुटले. सांडलेले थेंब पुसायला मी फडकं आणायला वळले, तेवढ्यात ते गेलेसुद्धा. मृण्मयी कुंडापाशी एकटीच उभी होती, गारठलेली.

१७ नोव्हेंबर, रविवार

मृण्मयी मराठी बोलली! सकाळी उठली ती सरळ म्हणाली, “आई, भूक लागली.” आशुतोष तर नाचायचाच बाकी होता. सासूबाईंना लगेच कॉल लावला, त्यांच्या डोळ्यांना धार लागली. नातीने त्यांना मालवणी हेलात तब्येत विचारली. हे कुठे शिकली, म्हणून आशुतोषने विचारलं. मी म्हटलं, संग्रहालयातल्या त्या आजोबांकडून, दुसरं कोण! लहान मुलं कशी टिपकागदासारखी असतात. आज पुन्हा शिरा केला, घरात सणासारखं वाटलं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

पाणी फार पिते. जगच्या जग. तिच्या केसांना खाऱ्या पाण्याचा वास येतो, दोनदा न्हाऊ घातलं तरी जात नाही. मागून हाक मारली तर वळत नाही. शाळेतून फोन आला, ती डच बोलत नाही, समजत असल्यासारखीही वाटत नाही. आशुतोष हसला, म्हणाला, इतकी वर्षं मराठीसाठी रडत होतीस, आता मिळालं तर त्याचीही रड.

नाक तेच, डोळे तेच, हनुवटीवरची जुन्या खोकेची खूणसुद्धा तीच. मग मला तिच्याजवळ झोपायची भीती का वाटते?

२१ नोव्हेंबर, गुरुवार

हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तपासलं, पॅरासिटामॉल घ्या म्हणाले. परत येताना बंधाऱ्यावर ती माझ्या पाठीमागे लपली. नदीवर धुकं होतं. धुक्यात मोडक्या डोलकाठीचं एक गलबत उभं होतं. इथे? आयसेलमध्ये? काठावर ये-जा करणाऱ्या सायकलवाल्यांपैकी एकानेही तिकडे पाहिलं नाही.

गलबतावरून कुणीतरी आई म्हणून हाक मारली. आवाज मृण्मयीचा होता. आणि मृण्मयी माझ्या पाठीला चिकटलेली होती.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

विलेमाइनला सगळं सांगितलं. तिने दालनाचं दार लावून घेतलं. मग बोलली. त्या वखारीवर एकदा कोकणचं गलबत आलं होतं, वादळात सापडलेलं, पाणी संपलेलं. गलबताच्या म्होरक्याने, तांडेलाने, रिवाजाप्रमाणे आपली मुलगी ओलीस दिली. पण वखारीचा मुख्य तापाच्या साथीला घाबरला. पोरगी ठेवून घेतली, आपलं माणूस पाठवलं नाही, पाण्याचा थेंबही दिला नाही. अख्खं गलबत तहानेने मेलं. मुलगी त्या कुंडापाशीच मेली. अर्धा सौदा तेव्हापासून तसाच राहिला.

जो पाणी देतो तो वखारीचा मुख्य, असं ती म्हणाली. म्हणजे मी. आणि मुख्याच्या घरचं माणूस —

माझी मृण्मयी त्यांच्याकडे आहे. नऊ दिवस. मी शिरा खात होते, व्हिडिओ कॉल करत होते.

त्यांची मुलगी परत करायची, की ते तुझी परत करतील, असं विलेमाइन म्हणाली. धुकं असेल तेव्हाच.

२३ नोव्हेंबर

धुकं नाही. लख्ख ऊन पडलंय. आशुतोषला सांगितलं. त्याने माझं कपाळ चेपलं आणि डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली. त्याला कसं पटवू? तो तिला मांडीवर घेऊन बाराखडी शिकवतोय.

ती माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. तिला कळलंय. पायांना मिठी मारली आणि म्हणाली, “माका परत धाडू नको गो आई.” मी तिला जवळ घेतलं. घेतलं मी. देवा, मला दोघी हव्यात असं क्षणभर वाटलं. काय बाई आहे मी!

२४ नोव्हेंबर

धुकं. आशुतोष भाजी आणायला गेला आणि मी तिचा हात धरून निघाले. ती रडली नाही. हात बर्फासारखा.

बंधाऱ्यावर बसलोय. लिहायचं थांबले तर किंचाळेन, म्हणून लिहितेय —

गलबत आलं. अगदी काठाशी. ते म्हातारे पुढे उभे. मी पोरीला पुढे केलं. तिने एकदाच मागे वळून पाहिलं. माझं लेकरू द्या हो, मी ओरडले, पाया पडते तुमच्या —

त्यांनी मान हलवली. फळी टाकली. मृण्मयी! लाल जॅकेट, माझीच, धडधाकट — येतेय — हसतेय —

मागे कोण आहे तिच्या

सगळे उतरतायत. बायका, पोरं, खलाशी, ओठ फाटलेले. सगळ्यांनी एकमेकांचे हात धरलेत. म्हातारे काठावरच्या घरांकडे बघतायत, एकेका दाराकडे —

मृण्मयी सांगतेय, आई, ह्यांना सगळ्यांना खूप तहान लागलीय, मी ह्यांना म्हटलं आमच्या घरी चला, माझी आई कुणालाच नाही म्ह