आडवं न आलेलं कुत्रं

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हा विषय काढला की तू फोन आपटतेस, म्हणून पत्र लिहितोय. कागद आपटलास तरी मजकूर कुठे जात नाही.

तुझ्या दुकानाशेजारचा चष्मेवाला परवा भेटला. म्हणाला, ताईंनी केस कापायची खुर्ची बाजूला सारून बुटकं स्टूल मांडलंय आणि उंच गिऱ्हाइकांना काहीबाही सांगून परत पाठवतात. अपघाताला वर्ष होत आलं, तुझा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही, हे मला चष्मेवाल्याकडून कळावं? डॉक्टर शस्त्रक्रिया करा म्हणतात आणि विमा कंपनीने तुझा अर्ज फेटाळला. का, तर हॉस्पिटलात पडल्या पडल्या तू पोलिसांना जबाब दिलास की कुत्रं आडवं आलं, भावाचा काही दोष नाही. चालकाचा दोष नाही तर भरपाई नाही, असं त्यांचं म्हणणं.

कुत्रं नव्हतं. लोकांना गाडी शिकवणारा हा तुझा भाऊ मान मागे वळवून, मागच्या सीटवर बसलेल्या तुला, समोर न बघणाऱ्या एका विद्यार्थ्याची नक्कल करून दाखवत होता. तेवढ्यात त्याने उभ्या ट्रकवर गाडी घातली. मी वकीलबाईंना भेटून आलोय. तू माझ्यावर दावा लाव. भरपाई कंपनी देईल, मी फक्त दोषी व्हायचं. तेवढं मला नक्की जमेल.

अजून लाडका असलो तर तुझा लाडका,
चेंडू

ता. ११ फेब्रुवारी

चि. चेंडू यास,
अनेक उ. आ.

तुझं पत्र आपटून पाहिलं. खरंच मजकूर कुठे गेला नाही.

चष्मेवाल्याला स्वतःला धड दिसत नाही, त्याचं काय ऐकतोस? स्टूल मी हौसेने आणलंय. लहान मुलांना बरं पडतं. उंचांचं थोडं अडतं, हे खरं. चेंडू म्हणता म्हणता तू ताडमाड वाढलास, तुझेही केस आता दुसऱ्या कुणाकडून कापून घे.

आणि दावा तुझ्यावर? डोकं ठिकाणावर आहे का? तुझ्या शाळेच्या पाटीवर 'निर्धास्त शिका' असं लिहिलंय. उद्या कोर्टानेच लिहून दिलं की या पाटीचा मालक निष्काळजी, तर आपली मुलगी कोण पाठवेल तुझ्याकडे? आई गेल्यावर मी तुला लहानाचा मोठा केला, तो काय पिंजऱ्यात उभा करायला? माझं कुत्रं गुणी आहे. त्याला हाकलू नकोस.

काल फोनवर रविवारी घ्यायला येतो म्हणालास, ते नको. बसला छान खिडकी मिळते. तुझ्या बायकोला सांग, केस कापायला मी येतेय. ती बेताच्या उंचीची आहे, काळजी नाही.

माया आहे तशीच राहू दे, अक्कल मात्र वाढू दे.
ताई

ता. १९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

ज्या पाटीसाठी तू कुत्रं पाळलंस, तिचा निकाल मीच लावून टाकला. सोमवारी सगळ्या विद्यार्थ्यांना बसवलं, फळ्यावर रस्ता काढला, ट्रक काढला आणि माझी गाडी त्यात कशी घुसली ते सांगितलं. एका आईने मुलाचं नाव काढून नेलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण बाकीचे राहिले, आणि त्या दिवशी आरशात बघायला एकही जण विसरला नाही. आता झाकण्यासारखं काही उरलेलं नाही. तू उगाच रिकामी साखळी धरून उभी आहेस.

दुसरी गोष्ट. अपघातानंतर तू माझ्या गाडीत बसलेली नाहीस. दर वेळी बस, दर वेळी खिडकी. मला कळत नाही असं समजू नकोस. माझ्यासाठी जगाशी खोटं बोलतेस आणि माझ्या गाडीत बसायला घाबरतेस. मला नेमकं उलटं हवंय. तू माझ्याबद्दल खरं बोल, आणि गाडीत बस.

रागावलोय, तरी तुझाच,
चेंडू

ता. २ मार्च

चि. चेंडू यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून फार चिडले, कारण गाडीचं तू लिहिलंस ते खरं आहे.

काल बँकेतल्या उंच बाई आल्या. दुकान उघडलं तेव्हाचं माझं पहिलं गिऱ्हाईक, त्यांना कसं परत पाठवू? वरचे केस कापताना हात अर्ध्यात अडला, कात्री निसटली आणि त्यांच्या कानाला लागली. थेंबभर रक्त आलं. उलट त्यांनीच मला पाणी प्यायला लावलं. त्या गेल्यावर शटर ओढून मी आत बसून रडले. मला ही कात्री सोडायची नाही रे. दुसरं काही मला येत नाही, आणि यायलाही नको आहे.

आज वकीलबाईंकडे जाऊन सही केली. त्यांनी कुत्र्याचा रंग विचारला. मी तपकिरी म्हणाले. त्यांनी विमा कंपनीच्या तपासनिसाचा अहवाल पुढे सरकवला, तर त्यात मी काळा सांगितलेला. खोटं बोलणं आपल्या घरात कुणाला साधलेलं नाही हेच खरं. दाव्यावर एका बाजूला माझं नाव, विरुद्ध बाजूला तुझं. डोळे भरून आले आणि हसूही आलं. कॅरम खेळताना तू असाच समोर बसायचास, आणि हरायचास.

हरलास तरी माझाच राहा.
ताई

ता. २१ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल माझी साक्ष सुरू झाली तशी तू उठून बाहेर गेलीस आणि मग परस्पर बस पकडलीस. तेव्हा आत काय झालं ते ऐक.

कंपनीचे वकील म्हणाले, हे भाऊबहिणीचं संगनमत आहे, आता मधल्या सुट्टीत दोघं एकाच डब्यातून जेवत होते. न्यायाधीशबाईंनी मला विचारलं, खरं का? मी म्हटलं, खरं आहे, डबा तिचा होता. मग वकिलांनी ती नक्कल करून दाखवायला सांगितली. मी पिंजऱ्यात उभ्या उभ्या हवेत स्टिअरिंग धरलं आणि मान मागे वळवली. मागे बसलेले लोक खो खो हसले. मान पुढे केली तेव्हा कुणी हसत नव्हतं. मीही नाही.

माझ्याआधी तुझी साक्ष झाली, तेव्हा तू मात्र कमाल केलीस. कुत्र्याचं विचारल्यावर ताठ उभी राहून म्हणालीस की कुत्रं मी रचलं, तो माझा भाऊ आहे म्हणून, आणि आज खरं सांगतेय तेही तो माझा भाऊ आहे म्हणूनच. मग त्यांनी हात वर करायला सांगितला आणि तो खांद्यापाशी थांबला. मला बघवत नव्हतं, पण बघितलं. समोर बघायचं असं ठरवलंय मी आता.

तू जिंकणार, मी हरणार. मी अगदी निश्चिंत आहे.

तुझा विरुद्ध पक्ष,
चेंडू

ता. ८ सप्टेंबर

चि. चेंडू यास,
अनेक उ. आ.

निकाल हातात आला. दावा मंजूर झाला. शस्त्रक्रिया होईल आणि दुकान बंद राहील तोवर घरही चालेल. चालकाने निष्काळजीपणे वाहन चालवले, असं शिक्क्यासकट लिहिलंय. ते वाचून माझ्या चेंडूला नावं ठेवणारे हे कोण, म्हणून त्यांचाच राग आला. मग आठवलं की तसं मीच सांगितलं होतं.

डॉक्टरांनी पुढच्या सोमवारी बोलावलंय. हात पूर्वीसारखा वर जाईल, असं छातीठोक सांगतात. बँकेतल्या बाईंना मी कळवून टाकलं, केस वाढू द्या, हात वर गेला की पहिल्या तुम्ही.

हॉस्पिटलला थेट बस जाते. मी बसने जाणार नाही. सकाळी तू गाडी घेऊन ये. मी पुढे, तुझ्या शेजारी बसेन. भीती वाटेल, आत्ता लिहितानाही वाटतेय, तरी बसेन. नक्कल तेवढी करू नकोस. आणि वाटेत खरंच एखादं कुत्रं आडवं आलं तर ब्रेक वेळेवर दाब, आता आपल्यावर कुणी विश्वास ठेवायचं नाही.

अर्धा आशीर्वाद पत्रातून पाठवतेय. उरलेला, तुझ्या डोक्यापर्यंत हात पोचला की तिथेच ठेवीन.
ताई